आईचे जनुक, बाळाचे पर्यावरण

ॲस्पार्टेम घातलेल्या साखरविरहित शीतपेयाच्या डब्यावर बारीक अक्षरांत एक इशारा असतो. हे पेय फेनिलकिटोन्युरियाच्या रुग्णांसाठी नाही, असे तो सांगतो. बहुतेकांची नजर त्यावरून निसटते. मात्र, मुलाच्या मेंदूची वाढ बिघडते ती आनुवंशिकतेमुळे की गर्भावस्थेतील परिस्थितीमुळे, या जुन्या वादाला या दुर्मिळ आजाराने वेगळेच वळण दिले आहे.

दूध, डाळी, अंडी, मांस यांतील प्रथिनांत फेनिलॲलानिन हे अमिनो आम्ल असते. त्याचे विघटन करणाऱ्या एन्झाइमचे जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष आले, तर हे आम्ल रक्तात साचून मेंदूला इजा करते. नॉर्वेतील डॉ. फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला. विशेष आहाराचा उपाय १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीमुळे नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान होऊ लागले. आजार जनुकातला, पण उपाय ताटातला!

वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या. मेंदूची वाढ पूर्ण झाली, या समजुतीने अनेकींचे पथ्य बालपणीच थांबविण्यात आले होते. त्या माता झाल्या, तेव्हा नवे संकट उभे राहिले. १९८० मध्ये अमेरिकेतील लेन्के व लेव्ही यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, रक्तातील प्रमाण डेसिलिटरला २० मिलिग्रॅम वा अधिक असलेल्या मातांच्या ९२ टक्के मुलांत बौद्धिक अक्षमता, तर ७३ टक्के मुलांत डोक्याचा आकार लहान आढळला.

या मुलांपैकी बहुतेकांना तो आजार नव्हताच. वडिलांकडून आलेले एक निरोगी जनुक त्यांच्यापाशी होते. परंतु वारेतून अमिनो आम्ले गर्भाकडे ओढली जातात. त्यामुळे गर्भाच्या रक्तातील फेनिलॲलानिन आईपेक्षाही वाढते. मेंदू आणि हृदय घडण्याच्या काळातच घाव बसतो. जन्मानंतर बाळाची चाचणी निर्दोष येते. हानी मात्र होऊन गेलेली असते.

दिलासा असा, की हे टाळता येते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, गर्भधारणेपूर्वी किंवा पहिल्या दहा आठवड्यांत प्रमाण आटोक्यात आणलेल्या मातांच्या मुलांची वाढ बहुतांशी चांगली झाली. विलंब वाढला, तशी मुलांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी घसरली. म्हणूनच आता हे पथ्य आयुष्यभर पाळण्याचा सल्ला दिला जातो. अर्थात, ते या रुग्णांपुरतेच आणि वैद्यकीय देखरेखीखाली. इतर गर्भवतींनी दूध-डाळी सोडणे अपायकारक ठरेल.

स्वमग्नतेसारख्या विकारांत एकच जनुक नव्हे, तर अनेक जनुके आणि अनेक घटक गुंतलेले असतात. तेथे इतके सरळ उत्तर हाती नाही. तरीही, 'दोष कोणाच्या घराण्याचा' हा आपल्याकडे घरोघरी विचारला जाणारा प्रश्न किती अपुरा आहे, हे या आजाराने दाखवून दिले आहे. जनुक बदलता आले नाही, तरी गर्भाभोवतीची परिस्थिती बदलता येते.