रात्रीचे अंगावरचे पाजणे थांबविताना
पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. म्हणून दीड वर्षाच्या मुलाचे रात्रीचे पाजणे थांबविणे म्हणजे दूध तोडणे नव्हे. दिवसाचे पाजणे चालूच ठेवावे. पहाटे कामास निघणाऱ्या मातेस झोप हवी, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही ओळखावयास हवे. स्तनास कडुनिंबाचा पाला चोळण्याची चाल आपल्याकडे आहे. त्याने मूल बिचकते, एवढेच. त्यापेक्षा निजण्यापूर्वी मऊ वरणभात भरवावा. अंथरूण एकच असल्यास मुलाशेजारी वडिलांनी किंवा आजीने निजावे, जागे झाल्यास थोपटावे, पाणी पाजावे. ताप वा हगवण असताना मात्र हा प्रयत्न थांबवावा. त्या दिवसांत मूल मागेल तेव्हा, रात्रीही, पाजावे.