भाकरी थापताना वाढलेली पावले

कर्करोगाच्या उपचारांमुळे येणारा थकवा व्यायामाने कमी होतो आणि मनगटावरचा पट्टा त्या व्यायामाचा हिशेब ठेवतो, हे आता वर्तमानपत्र वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. इथवर येताना किती ठेचा लागल्या आणि हे ज्ञान हिंगोली-वाशीमच्या सीमेवर, कनेरगाव नाक्याला पोचले तेव्हा त्याचे काय झाले, ते मात्र सहसा छापून येत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी या खेळात विंगेत उभी असते. तिथून दिसते ते सांगते.

सुरुवात सलाईनपासून करावी लागेल. केमो घेऊन आलेल्या माणसाला घरचे आधी पलंग देतात, मग बाटली. बाटलीत मीठ-पाणी, फार तर साखर. उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी गेले असेल तर तिचा उपयोग होतो. या थकव्यावर होत नाही. हा थकवा केलेल्या कामाच्या मानाने कितीतरी जास्त असतो आणि झोप काढली तरी जात नाही. एका घरातला मुलगा बाटली लावायला वडिलांना मोटारसायकलवर बसवून न्यायचा. दवाखाना पहिल्या मजल्यावर. वडील धरून धरून जिना चढायचे, बाटली संपली की उतरायचे, येताना ओळखीच्यांशी चार शब्द बोलायचे आणि त्या संध्याकाळी त्यांना बरे वाटायचे. श्रेय बाटलीला मिळत राहिले. जिन्याला कुणी विचारले नाही.

‘पडून राहा, आराम करा’ हा सल्ला फक्त आपल्या घरांतला नव्हता, मोठमोठ्या रुग्णालयांतलाही तोच होता. त्याला सुरुंग लावणाऱ्यांत पुढे होत्या अमेरिकेतल्या ओहायोच्या मेरी मॅकव्हिकर आणि मॅरिल विनिंगहॅम. केमो चालू असलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना त्यांनी जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवले, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. बायका कोसळल्या नाहीत, त्यांचा दम वाढला. हा अभ्यास १९८९ मध्ये छापून आला तो परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या नियतकालिकात. रुग्णाला पलंगावरून उठवायचे, हे पलंगाशेजारी सर्वांत जास्त वेळ उभे राहणाऱ्या पेशाने आधी ओळखले होते.

जर्मनीतल्या फर्नांडो डिमेओ यांची अडचण वेगळी होती. त्यांचे रुग्ण जबर मात्रेच्या केमोनंतर रुग्णालयातच अडकलेले, संसर्गाच्या भीतीने जपलेले. फिरायला न्यायचे कुठे? म्हणून सायकलच पलंगावर आली. रुग्णाने आडवे पडून पायडल मारायचे, मधे थांबायचे, पुन्हा मारायचे. १९९९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत व्यायाम न करणाऱ्यांचा थकवा वाढलेला दिसला, करणाऱ्यांचा वाढला नव्हता. पलंग न सोडताही पलंगाची सवय मोडता येते, हे तेव्हा कळले.

मग आली स्पर्धा. थकव्यावर गोळी शोधणारे एका बाजूला, समुपदेशन करणारे दुसऱ्या बाजूला आणि घाम गाळायला लावणारे आम्ही तिसऱ्या. २०१७ मध्ये कॅरन मस्टियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११३ अभ्यासांतल्या ११ हजार ५२५ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. व्यायाम आणि मानसिक आधार दोन्ही चांगले निघाले, औषधे मागे पडली. ज्यात कंपनीला विकण्यासारखे काहीच नाही, तेच पुढे निघाले.

पट्ट्याचा किस्सा याहून रंगतदार आहे. घरात पट्टा आला की पहिला प्रश्न येतो, ‘दहा हजार झाली का?’ हा आकडा कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर व्यायामाची हवा असताना, १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी १६ हजार ७४१ वयस्क महिलांची पावले तपासली. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते आणि साडेसात हजारांनंतर फायदा वाढायचा थांबला. त्या महिला कर्करोगाच्या रुग्ण म्हणून निवडलेल्या नव्हत्या. पण चौथ्या केमोनंतर दाराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन दमणाऱ्या बाईला दहा हजारांचा आकडा दाखवणे म्हणजे तिला पहिल्याच दिवशी नापास करणे. एका जुन्या जाहिरातीपायी किती पट्टे कपाटात गेले असतील!

कनेरगाव नाक्याजवळच्या एका काकूंचा पट्टा मुलाने पुण्याहून पाठवलेला. फोनवर तो खूश होता, ‘आईची पावले वाढली!’ काकू म्हणाल्या, “अगं, मी तर चुलीपासून उठलेच नाही.” खरे होते. पट्ट्यातला संवेदक हाताचे हेलकावे मोजतो. ठराविक लयीत हात हलला की तो पाऊल धरतो. काकू ज्वारीची भाकरी थापत होत्या. उजव्या तळव्याच्या थापा, मधेच भाकरी फिरवणे, पुन्हा थापा; परातीतली भाकरी गोल होत होती आणि पट्ट्यावर आकडा चढत होता. मुलगा हिरमुसला. मी मात्र त्या खोट्या पावलांची नोंद ठेवायला सांगितली. केमोनंतरच्या वाईट दिवसांत काकूंना परातीपुढे बसवत नव्हते, तेव्हा आकडा तळाला असायचा. अंगात त्राण आले की भाकऱ्या व्हायच्या आणि आकडा वर यायचा. पावले म्हणून तो आकडा चुकीचा होता, पण काकूंची ताकद कधी परतते ते त्याने बरोबर सांगितले.

उलटी फसगतही होते. काठी किंवा वॉकर धरून चालणाऱ्याचा हात हलत नाही, चालही संथ असते. पट्टा अशी पावले गाळतो. अंगणात फेऱ्या मारून आलेल्या एका आजोबांना पट्ट्याने जवळजवळ शून्य दाखवले. ते इतके खट्टू झाले की दुसऱ्या दिवशी उठेनात. आम्ही पट्टा मनगटावरून काढून पायाच्या घोट्यावर बांधला. आकडे वाढले आणि आजोबा शेजारच्या ओट्यापर्यंत पट्टा दाखवायला गेले. त्या जाण्या-येण्यातच त्यांचा त्या दिवशीचा व्यायाम झाला.

पट्ट्याचे सर्वांत मोलाचे काम मी पाहिले ते माणसाला थांबवण्याचे. एका गृहस्थांची पावले आठवडाभर घटत होती आणि बसल्या जागची नाडी चढत होती. घरच्यांना वाटले, कंटाळा करतात. त्यांनी लकडा लावला, ‘चला, उठा, डॉक्टरांनी सांगितलंय.’ रक्त तपासले तर हिमोग्लोबिन खूप खाली. थकव्यामागे रक्त कमी असणे, थायरॉईड, संसर्ग, दुखणे, न लागणारी झोप, खचलेले मन यातले काहीही असू शकते, आणि आधी ते शोधावे लागते. ताप, चक्कर, छातीत दुखणे, खूप घसरलेल्या प्लेटलेट्स किंवा हाडात पसरलेला रोग असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम नाही. चालायला लावण्यासाठी आणलेल्या पट्ट्याने त्या घरात आधी दवाखान्याची वाट दाखवली.

मार्गदर्शक सूचना सांगतात: आठवड्यातून तीनदा अर्धा तास दमवणारी हालचाल, दोनदा ताकदीचे व्यायाम. कनेरगाव नाक्याला हायवेवर ट्रक सुसाट आणि गल्लीत प्रश्न त्याहून सुसाट. बाई काही कामाशिवाय रस्त्याने चालली की ‘कुठं निघाल्या?’ हे ठरलेलेच. केस गेलेल्या बाईला तो प्रश्न फार लागतो. एका सुनेने यावर तोड काढली. शेतातल्या माणसांचा डबा रोज सासूबाईंच्या हाती द्यायचा, बरोबर स्वतः चालायचे. डब्यामुळे प्रश्न बंद झाले, ताकदीचा व्यायामही आपोआप झाला. गावात मात्र अजून तिचेच नाव निघते, की आजारी सासूला शेतात पिटाळते.

मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांना घेऊन योगाची चाचणी केली आणि डॉ. नीता नायर यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या परिषदेत तिचे निष्कर्ष मांडले. बातम्या गाजल्या त्या आयुष्य वाढण्याच्या टक्क्यांच्या. मला त्यामागची तयारी जास्त मोलाची वाटते. डॉक्टर, योगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून सोपी आसने, मधली विश्रांती आणि प्राणायाम असा क्रम बांधला, वर्ग घेतले, घरी न्यायला पत्रके आणि सीडी दिल्या. काय घ्यायचे याइतकेच काय गाळायचे यावर असा क्रम उभा राहतो. केमोच्या दिवसांतही जमेल एवढेच ठेवले की माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.

शेवटचे दोन किस्से परदेशातले, पण नाक्यासाठी सर्वांत कामाचे. ऑस्ट्रेलियात ब्रिजिड लिंच यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या ८३ महिलांपैकी निम्म्यांना पट्टे दिले. त्यांची हालचाल वाढली, थकवा घटला. मथळा पट्ट्याला मिळाला. पण त्याच महिलांना उद्दिष्ट ठरवून देणारी भेट आणि नंतर सल्ल्याचे फोनही होते.

आणि १ जून २०२५ ला शिकागोत जाहीर झालेला आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास तर बंद पडायचा राहिला असेच म्हणावे. ८८९ रुग्ण मिळवायला २००९ ते २०२४ अशी पंधरा वर्षे गेली. फळ मोठे आले: पाच वर्षांनी व्यायामगटातले ८०.३ टक्के रुग्ण रोगमुक्त होते, नुसती पुस्तिका मिळालेल्यांतले ७३.९ टक्के. व्यायामगटात स्नायू-सांध्यांची दुखणी जास्त झाली, हेही संशोधकांनी नोंदवले. यात मध्यभागी होता तीन वर्षे पाठपुरावा करणारा प्रशिक्षित सल्लागार, म्हणजे विचारणारा माणूस.

म्हणून माझे मागणे साधे आहे. संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबईहून उपचार घेऊन माणूस गावी निघतो तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली चालण्याची एक ओळ असावी: किती मिनिटे, कधी वाढवायची, कधी थांबायचे. आणि त्या ओळीपुढे एक फोन नंबर असावा, जिथून आठवड्याला कुणीतरी विचारेल, “या आठवड्यात कसं वाटलं?” पट्टा परवडला तर उत्तम, नाही तर भिंतीवरच्या कॅलेंडरात पेनाने खूण करा. पण विचारणारे माणूस नेमा, कारण त्याच्याशिवाय महागातला पट्टाही दुसऱ्या महिन्यात चार्जिंगवाचून पडून राहतो.