पहिली जुनी गाडी – हातचे राखून



बैल घ्यायचा म्हटले की आपण किती बारकाईने पाहतो! बाजार पाचोडचा असो नाहीतर लासूरचा, आधी दात बघायचे. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला आहे. मग खांदा बघायचा, चार पावले चालवायचा, कुणाच्या दावणीला होता ते विचारायचे. सौदा मनाला नाही पटला तर तसेच घरी यायचे. आणि हाच माणूस जुना टेम्पो घ्यायला शहरात गेला, की रंग बघतो, हॉर्न वाजवतो आणि पेढे घेऊन घरी येतो. दुसऱ्या कुणाचे नाव कशाला घेऊ? मीच तसा आलो होतो.

आमचे गाव पैठण तालुक्यातले. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळली. झाडे जळणाला तोडताना वडिलांनी शेताकडे जाणेच सोडले होते. विहिरीत उरलेल्या पाण्यावर आम्ही मेथी, कोथिंबीर, वांगी असे माळवे करू लागलो. माळवे म्हणजे रोजचा बाजार, आणि रोजचा बाजार म्हणजे रोजचे भाडे. २०१४ साली दोन लाख दहा हजार रुपये जमले, तेव्हा दोन लाख दहा हजारांचीच पिकअप घेतली. सौ. म्हणाली होती, "थोडे मागे ठेवा." मी ऐकले नाही.

चौथ्या आठवड्यात पहाटे तीन वाजता बिडकीनजवळ मागचा टायर फुटला. स्टेपनी काढली तर ती माझ्या टाळूसारखी गुळगुळीत! खिशात ३४० रुपये. उजाडेपर्यंत रस्त्यावर बसलो. जाधववाडीला पोहोचलो तर हर्राशी होऊन गेलेली. कोथिंबीर कोमेजलेली, मिळेल त्या भावात टाकून आलो. घरी येऊन कागद चाळले, तर विम्याची मुदत अकरा दिवसांपूर्वीच संपलेली. म्हणजे ते अकरा दिवस मी बिनविम्याची गाडी रस्त्यावर फिरवत होतो. कुणी माणूस चाकाखाली आला असता तर चार एकर गेले असते. त्यानंतर गाडी दोन महिने लिंबाखाली उभी होती. कालवड विकली तेव्हा ती हलली.

तेव्हापासून मी विचारणाऱ्याला एकच सांगतो. हातात तीन लाख असतील तर गाडी दोन लाखांचीच बघा. उरलेला लाख हा गाडीचाच भाग आहे असे समजा, आणि तो घरातल्या बाईच्या ताब्यात द्या. विक्रेत्यासमोर त्याचा उच्चारही करू नका.

गाडी लागते का, हे आधी बघा

छत्रपती संभाजीनगरला गाड्या बघायला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी घरात सगळे जण पाटीवर हिशेब मांडा. आमच्यासारखे गाव धरू. जाधववाडीचा बाजार ५५ किलोमीटर, जाऊन-येऊन ११०. भरलेली पिकअप लिटरला १२ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये आहे असे समजा. सव्वानऊ लिटर लागले, म्हणजे ८३० रुपये. टायरची झीज, ऑइल, किरकोळ खर्च धरून ११०० म्हणा. भाड्याच्या गाडीला तुम्ही २५०० देत असाल तर फेरीमागे १४०० वाचले. आता वर्षाचा विमा, फिटनेस, कर आणि एखादी मोठी दुरुस्ती मिळून ७० हजार धरा. ते निघायलाच पन्नास फेऱ्या लागतात. पन्नासाव्या फेरीपर्यंत गाडी फक्त आपले पोट भरते, तुमचे नाही. तेही तुम्ही स्वतः चालवणार असाल तर. ड्रायव्हर ठेवला की गणित पुन्हा मांडायचे.

आकडे तुमच्या गावचे घाला, पण घाला जरूर. वैजापूरकडे ज्याच्या घरी वर्षातून दहा-बारा गाड्या कांदा आणि चार गाड्या कापूस निघतो, त्याने भाड्याची गाडीच करावी. यात कमीपणा काही नाही. ज्याचे रोजचे माळवे आहे, सिल्लोडकडची मिरची आहे, त्याचे निराळे. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. तेव्हापासून शहरातल्या वसाहतीत थेट विकायची वाटही मोकळी आहे. असे घर दीडशे फेऱ्या सहज करते, आणि शेजाऱ्याचा मालही नेते.

पहिलीच गाडी सहाचाकी ट्रक नको, असे माझे स्पष्ट मत आहे. टायर सहा, खर्च सहापट, आणि परमिटचे झेंगट वेगळे. गाडीचे मालासह एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर कायद्याने मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. २००५ साली आलेला टाटा एस, आपला छोटा हत्ती, यात बसतो. पिकअपच्या काही मॉडेलचे वजन या मर्यादेत येते, काहींचे नाही. आर.सी.वर वजन छापलेले असते, ते वाचा. छोट्या हत्तीवर पाऊण टन माळवे छान जाते. कांदा, मोसंबी, अद्रक असेल तर पिकअपच घ्या. छोट्या हत्तीवर दीड टन लादून वर्षभरात त्याची कंबर मोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

लायसन्सबद्दलही विचारणा होते. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

इंजिनाआधी कागद

जमीन घेताना आपण सातबारा काढतो, इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे का ते बघतो. गाडीचा सातबारा म्हणजे आर.सी. तिच्यावर फायनान्सचा बोजा असतो. गाडीचा नंबर मिळाला की मुलाला किंवा मुलीला सांगा, मोबाइलवर एम-परिवहनमध्ये टाकून बघ. नोंदणी कधीची, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत, हे दोन मिनिटांत दिसते. ई-चलान थकलेले आहे का, तेही बघून घ्या. गाडी बघायला जायचे भाडे वाचेल.

"शेवटचे दोनच हप्ते राहिलेत, भरून टाकतो" असे म्हणणारा भेटतोच. त्याच्या हातात पैसे देऊ नका. त्याच्याबरोबर फायनान्सच्या कचेरीत जा, तिथेच भरा, पावती घ्या. त्यांचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म नंबर ३५ हाती आला की बोजा उतरायची सोय झाली. हे न करता गाडी आणली, तर एक दिवस वसुलीवाले येतात आणि आपल्या मालासकट गाडी ओढून नेतात. पैसे गेले, गाडी गेली, आणि तक्रार करायला कागद नाही.

स्टॅम्प पेपरवर नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. विकणाऱ्याच्या सहीचा फॉर्म २९ आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३०, ज्याला आपण टी.टी. फॉर्म म्हणतो, हे आर.टी.ओ.त गेले पाहिजेत. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. आर.सी.वरचा मालक समोर हजर हवा. 'मालक पुण्याला असतो, सह्या करून ठेवल्यात' असे एजंट म्हणाला तर चहा पिऊन घरी या. गाडी एम.एच. १२ ची किंवा १५ ची असेल तर तिथल्या आर.टी.ओ.ची ना-हरकत आधी मागा, इसार नंतर.

फिटनेसचे गणित नीट लक्षात घ्या, कारण स्वस्त गाडी याच जागी महाग पडते. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा फिटनेस घ्यावे लागते, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे नऊ वर्षांची गाडी घेतली की दरसाल ब्रेक, दिवे, रेडियम, रंग सगळे ठाकठीक करून दाखवायचे. मुदत संपलेली गाडी 'फिटनेस करून देतो' या बोलीवर मिळत असेल, तर आधी करून आण म्हणावे.

विम्याचे तसेच. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा नुसता तृतीयपक्ष विमा २०२२ साली ठरलेल्या दराने १६,०४९ रुपयांचा, वर कर. गाडी दोन लाखांची असो की आठ लाखांची, हा आकडा तोच. म्हणून तो राखून ठेवलेल्या लाखातून पहिल्या दिवशी बाजूला काढावा. चालू विमा असेल तर चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा.

आपल्या भागात आणखी एक विचारणे जरूर आहे. गाडी गोदावरीच्या वाळूवर होती का? वाळूत पकडलेल्या गाडीला तहसीलचा दंड होतो, आणि तो भरलेला नसेल तर पुढे त्रास. गाडी ज्या गावची, त्या गावात चहाच्या टपरीवर बसा. तलाठ्याला माहीत नसेल ते टपरीवर कळते.

थंड गाडी, भरलेली गाडी

गाडी सकाळी बघावी, आणि मालकाला आधी चालू करू देऊ नये. बॉनेटला हात लावून बघा. गरम लागले तर समजा, तुमच्यासाठी तिला आधीच उठवून ठेवली आहे. थंड गाडी एका चावीत उठली तर चांगले. धूर निळसर आणि सारखा येत असेल तर इंजिन ऑइल खाते. चालू इंजिनावर ऑइल भरायचे झाकण उघडा. तिथून भकाभका धूर फेकत असेल तर मेकॅनिक म्हणतात 'बॅक मारते', म्हणजे इंजिनाचे काम निघाले. हे काम राखलेल्या लाखातला मोठा वाटा खाते. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच काढायचे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर पुढे बोलूच नका.

मग पोते अंथरून खाली शिरा. कपड्यांची काळजी करू नका. चेसिसवर कुठे वेल्डिंग मारले आहे, पाट्याचे पान तुटले आहे, हौद्याखालच्या पट्ट्या खतामिठाने खाल्ल्या आहेत, हे उभ्याने दिसत नाही. चेसिस नंबर खरवडलेला नको, तो आर.सी.शी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, क्लचच्या पायडलचे रबर बघा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही छान दिसो, जुने रबर उन्हाळ्यात दगा देते. वाळूजच्या कारखान्यांचा सुटा माल वाहिलेली गाडी डांबरीवर चाललेली असते. विटा-वाळूची गाडी बाहेरून तशीच दिसते, पण तिची हाडे खिळखिळी झालेली असतात.

रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. म्हणून वजन टाकून बघायचा हट्ट धरा. पन्नास किलोची वीस पोती, म्हणजे एक टन, पिकअपमध्ये टाका आणि दौलताबादवरून खुलताबादचा घाट चढा. दिल्ली दरवाजाच्या अलीकडे वाट अरुंद आहे, तिथे समोरच्यासाठी थांबावेच लागते. चढावर थांबून पुन्हा उचलताना क्लच घसरतो का, जळका वास येतो का, हे तिथे आपोआप कळते. उतरताना ब्रेक एका अंगाला ओढतो का ते बघा. बरोबर मेकॅनिक तुमच्या ओळखीचा हवा. त्याला पाचशे रुपये आणि जेवण द्या, फुकट नेऊ नका. फुकट आलेला माणूस दुपारी कंटाळतो आणि "ठीक आहे" म्हणून मोकळा होतो.

गाडी आल्यावरही एक गोष्ट जपावी लागते, आणि ती घरातल्या मोठ्या माणसांनीच जपावी. गावात कुणाचे लग्न निघाले की वऱ्हाडासाठी तुमचा टेम्पो मागायला येतील. नाही म्हणणे अवघड असते, मला ठाऊक आहे. पण मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. म्हणजे ती गाडीमालकावर येते. मालाबरोबर मालाचा धनी बसला तर त्याची गोष्ट वेगळी. आणि जादा माल भरला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यातला दंड २० हजार आणि वर जादा टनामागे दोन हजार आहे. एका फेरीत वाचवलेले हजार रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

आमची ती पहिली पिकअप पाच वर्षे चालली. २०१९ साली ती खुलताबादकडच्या एका तरुणाला विकली. तो म्हणाला, "काका, चावी द्या, नावावर नंतर करून घेतो." त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात ठरवले होते, की गाडी विकली तरी आर.सी.वर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. मी त्याला घेऊन आर.टी.ओ.त गेलो, दोघांनी रांगेत उभे राहून फॉर्म दिले. बाहेर आल्यावर स्टेपनी काढून दाखवली, नवी होती. मग चावी दिली. जाताना त्याला विचारले, मागे किती ठेवलेस? तो म्हणाला, साठ हजार, आईकडे आहेत.