नातवंडांबरोबर 'ड्रॅगन बॉल' बघायचे आहे? मग आधी क्रम ठरवा



सुट्टीत नातवंडे घरी आली की टीव्हीचा रिमोट त्यांच्या हाती जातो आणि आपण आजी-आजोबा आतल्या खोलीत जातो. नवागाम-डिंडोलीतल्या बहुतेक मराठी घरांत आज हेच चित्र आहे. मुले जे बघतात त्याला ती 'अॅनिमे' म्हणतात. अॅनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. तिच्यात डोळे मोठे, केस उभे आणि मारामारी बरीच, एवढेच आपल्याला दिसते. शेजारी बसावेसे वाटते, पण मध्येच बसले तर काही उमगत नाही. 'पहिल्यापासून लाव' म्हटले तर पहिले कोणते यावरच नातू आणि त्याचे वडील यांचे एकमत होत नाही. अशा घरांसाठी हा लेख आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. अॅनिमे आपल्या पिढीला अगदीच परके नाही. दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची 'जंगल बुक' लागत असे, ती मूळची जपानी मालिका, ५२ भागांची. हिंदीत तिचे गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा होता. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने राम मोहन यांच्यासोबत केलेला 'रामायण' हा चित्रपटही याच जातीचा. तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला. म्हणजे आपण अॅनिमे पाहिलेले आहे, फक्त नाव ठाऊक नव्हते.

सुट्या कथा आणि सलग कथा

क्रमाचा प्रश्न प्रत्येक मालिकेला पडत नाही. 'डोरेमॉन' किंवा 'शिन-चॅन' कुठूनही पाहावे, प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे संपते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपण असाच वाचला. हाती येईल ते पुस्तक घ्यायचे, बन्या सगळीकडे बन्याच असतो.

'ड्रॅगन बॉल', 'नारुतो' आणि 'डीमन स्लेअर' यांचे तसे नाही. तिथे मुले मोठी होतात, लग्ने होतात, माणसे मरतात, वैरी सोयरे होतात. मागचे ठाऊक नसेल तर पुढचे पोचत नाही. त्यात एकाच कथेच्या चार-पाच मालिका, वीसेक चित्रपट आणि जुन्या मालिकेची नवी आवृत्ती असा पसारा असेल, तर क्रम ठरवावाच लागतो. उदाहरणासाठी आम्ही 'ड्रॅगन बॉल' घेतो, कारण आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आपल्या मुलांनी २००० नंतर तिचा मधला तुकडा कार्टून नेटवर्कवर पाहिलेला आहे. तीन पिढ्या एकत्र बसू शकतील अशी ही मालिका आहे.

कथा मूळची कुठली?

अकिरा तोरियामा या चित्रकाराने १९८४ ते १९९५ या काळात एका जपानी साप्ताहिकात ही चित्रकथा लिहिली. तिची ५१९ प्रकरणे झाली. नायक गोकू हा शेपूट असलेला, ढगावर बसून उडणारा, हवी तेवढी लांबणारी काठी बाळगणारा पोरगा. त्याचे मूळ 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतल्या वानरवीरात आहे. काही अभ्यासकांना त्या वानरवीरामागे आपल्या हनुमंताची छाया दिसते.

त्या कादंबरीतली 'पश्चिम' म्हणजे आपला भारत. वानरवीर ज्या भिक्षूच्या सोबतीला निघतो, तो भिक्षू म्हणजे इतिहासातला ह्युएनत्संग. सातव्या शतकात हा ह्युएनत्संग पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला, इथल्या लोकांच्या मानी स्वभावाबद्दल लिहून गेला आणि पुढे नर्मदा ओलांडून भडोचला पोचला. भडोच आपल्या सुरतेहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. नातवाला हे जरूर सांगा. त्याला गोकूबद्दल सगळे ठाऊक असेल, हे बहुधा नसेल.

नोंदीची तारीख आणि व्हॅल्यू डेट

आमची उमेद बँकेत गेली, म्हणून दाखला तिथलाच देतो. खात्यातल्या एका नोंदीला दोन तारखा असू शकतात. एक, नोंद ज्या दिवशी खतावणीत पडली ती. दुसरी, तिचा परिणाम ज्या दिवसापासून धरायचा ती, म्हणजे व्हॅल्यू डेट. आज केलेली नोंद मागच्या महिन्यापासून लागू होऊ शकते.

मालिकांचेही असेच आहे. प्रदर्शनाची तारीख ही नोंदीची तारीख, आणि कथेतला काळ ही व्हॅल्यू डेट. 'ड्रॅगन बॉल दाइमा' ही २० भागांची मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, पण तिची कथा १९९६ साली संपलेल्या 'झी' आणि २०१५ साली सुरू झालेल्या 'सुपर' यांच्या मध्ये घडते. आणखी एक गुंता आहे. 'झी'चे शेवटचे तीन भाग (२८९ ते २९१) कथेत दहा वर्षे पुढे उडी मारतात आणि 'सुपर' त्या दहा वर्षांच्या पोटात बसते. कथेच्या काळाप्रमाणे जायचे तर 'झी' २८८ व्या भागाला थांबवा, 'दाइमा' बघा, मग 'सुपर', आणि शेवटी 'झी'चे उरलेले तीन भाग. असा हिशेब ठेवणारे रसिक आहेत.

पहिल्यांदा बघणाऱ्याने मात्र नोंदीच्या तारखेनेच जावे, असे आमचे मत आहे. कारण साधे आहे. 'दाइमा' करणाऱ्यांनी ती आधीचे सगळे पाहिलेल्यांसाठी केली. कोणत्या पात्राच्या येण्याने बघणारा आनंदेल, कोणता उल्लेख त्याला कळेल, हे त्यांनी गृहीत धरले आहे. कथेच्या काळाचा क्रम दुसऱ्या फेरीसाठी ठेवावा. महाभारत आपण असेच ऐकले. आदिपर्वात परीक्षिताचा मृत्यू आणि जनमेजयाचे सर्पसत्र आधी येते, त्याचे पणजोबा-खापरपणजोबा नंतर. तरी आपले काही अडले नाही, कारण सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याचा विचार करूनच क्रम लावलेला असतो.

पॅसेंजर की एक्स्प्रेस?

आता मधल्या मोठ्या भागाबद्दल. 'ड्रॅगन बॉल झी' १९८९ ते १९९६ अशी चालली आणि तिचे २९१ भाग झाले. ती फार रेंगाळते, ही मुलांच्या आयांची तक्रार खरी आहे. एक मारामारी चार-चार दिवस संपत नाही. याचे कारण असे, की साप्ताहिकात चित्रकथा आणि टीव्हीवर मालिका एकाच वेळी चालू होत्या. मालिका चित्रकथेच्या मागे लागून तिला गाठू लागली, की निर्मात्यांना वेळ काढावा लागे. मग नुसते एकमेकांकडे रोखून बघणे, किंवा चित्रकथेत नसलेले उपकथानक. या भरतीच्या भागांना मुले 'फिलर' म्हणतात. 'नारुतो'तही ही भरती भरपूर आहे.

पुढे २००९ मध्ये त्याच कथेतली भरती छाटून 'ड्रॅगन बॉल काई' ही आवृत्ती निघाली. तिचे भाग सुमारे १६० आहेत. रूळ तेच, गाव तेच, पण 'झी' म्हणजे उधन्याहून निघून प्रत्येक स्टेशनावर थांबणारी भुसावळची पॅसेंजर आणि 'काई' म्हणजे नंदुरबारला थांबून पुढे सुटणारी एक्स्प्रेस. ज्यांना 'झी'ची लहानपणापासून माया आहे त्यांनी पॅसेंजरने जावे. आजी-आजोबांनी एक्स्प्रेस धरावी.

एकच नोंद दोनदा, आणि सस्पेन्स खाते

'बॅटल ऑफ गॉड्स' (२०१३) आणि 'रिसरेक्शन एफ' (२०१५) हे दोन चित्रपट आले. नंतर त्याच दोन कथा 'सुपर'च्या पहिल्या २७ भागांत पुन्हा सांगितल्या. दोन्ही बघण्याची गरज नाही. चित्रपटांतले चित्रकाम सरस आहे, तेव्हा ते दोन बघून 'सुपर' २८ व्या भागापासून धरावी.

'झी'च्या काळातले १३ चित्रपट बहुतेक मूळ कथेत कुठेच बसत नाहीत. ते सणासुदीच्या फराळासारखे, जेवणाच्या हिशेबात धरू नयेत. यातलाच एक ब्रोली. हे पात्र १९९३ च्या चित्रपटात आले आणि जणू सस्पेन्स खात्यात पडून राहिले. २०१८ च्या 'ब्रोली' चित्रपटात तोरियामांनी ते नव्याने लिहून मुख्य खात्यात वर्ग केले. म्हणून २०१८ चा बघावा, १९९३ चा नातवाच्या हौसेवर सोडावा.

'जीटी' ही ६४ भागांची मालिका तोरियामांच्या चित्रकथेवर बेतलेली नाही आणि पुढच्या 'सुपर'शी तिचा मेळ बसत नाही. ती ऐच्छिक समजावी.

तर क्रम असा

१. 'ड्रॅगन बॉल' (१९८६ ते १९८९), १५३ भाग
२. 'ड्रॅगन बॉल काई', सुमारे १६० भाग (किंवा 'झी', २९१ भाग)
३. 'बॅटल ऑफ गॉड्स' आणि 'रिसरेक्शन एफ' हे चित्रपट
४. 'ड्रॅगन बॉल सुपर', भाग २८ ते १३१, म्हणजे १०४ भाग
५. 'ब्रोली' (२०१८) आणि 'सुपर हिरो' (२०२२) हे चित्रपट
६. 'दाइमा', २० भाग

'झी' किंवा 'काई'चा शेवट दहा वर्षे पुढे जातो, तिथे मुलाला एवढेच सांगावे, की पुढची मालिका या दहा वर्षांच्या आतली आहे.

पुष्कळ मुले पहिला क्रमांक गाळून थेट दुसऱ्यावर जातात. आपल्या मुलांनीही वाहिनीवर जे लागले ते तसेच पाहिले. पण दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच गोकूच्या जन्माचे रहस्य उघडते. ते काय, हे इथे सांगत नाही. ज्याने शेपटीचा तो रानातला पोरगा १५३ भाग वाढताना पाहिला, त्यालाच त्या रहस्याचा धक्का बसतो. ज्याने पाहिला नाही त्याला ती फक्त एक माहिती वाटते.

हिशेब

नावाची व पुढच्या भागाची पट्टी सोडून एक भाग साधारण २० मिनिटांचा धरू. 'झी' आणि 'सुपर' पूर्ण बघून, चित्रपट सोडून, एकूण ५९५ भाग होतात, म्हणजे सुमारे १९८ तास. वरच्या क्रमाने ४३७ भाग, सुमारे १४६ तास, आणि चार चित्रपट. रविवारी तीन भाग, म्हणजे एक तास, असा नेम ठेवला तर पहिल्या हिशेबाने जवळजवळ चार वर्षे आणि दुसऱ्याने तीनच्या आत. आज पाचवीतला नातू हे संपेल तेव्हा आठवीत असेल.

हा आकडा ऐकून कोणी घाबरेल. आम्ही तो जमेच्या बाजूला लिहितो. आठवीतला मुलगा आजोबांजवळ दर रविवारी तासभर बसतो, असे आज किती घरांत घडते?

तीन सूचना

पहिली सूचना वयाची. पहिल्या मालिकेत एका म्हाताऱ्या गुरूचे काही चावट विनोद आहेत, तेव्हा लहान मुलांना ती एकट्याने बघू देऊ नये. २०२१ च्या नियमांनुसार ऑनलाइन मंचांनी यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे वयोगट दाखवायचे असतात, ते बघावेत. 'डीमन स्लेअर'मध्ये रक्तपात बराच आहे, ती मोठ्या मुलांसाठीच. तिचा क्रम मात्र सरळ आहे. २०२५ चा 'इन्फिनिटी कॅसल' चित्रपट बघण्याआधी टीव्हीचे ६३ भाग बघितलेले असावेत. त्यांतल्या 'मुगेन ट्रेन'च्या सात भागांऐवजी त्याच नावाचा चित्रपट पाहिला तरी चालतो.

दुसरी पैशाची. मालिकांचे हक्क करारावर असतात, आज एका मंचावर असलेली मालिका उद्या तिथे असेलच असे नाही. वर्षाची वर्गणी भरण्याआधी आपल्याला हवा तो पहिला भाग तिथे आहे का आणि कोणत्या भाषेत आहे, ते पाहावे. एक महिन्याची वर्गणी घेऊन सुरुवात करणे बरे.

तिसरी सूचना आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुले ही मालिका हिंदीत किंवा इंग्रजीत बघतात. शाळेत गुजराती, इंग्रजी, हिंदी, गल्लीतही तेच. मराठी किंवा अहिराणी उरते ती फक्त आपल्या कानाशी. मुलांना 'मराठीत बोल' असे दटावून काही होत नाही, बोलायला विषय लागतो. तेव्हा भाग संपला की टीव्ही बंद करून एवढेच म्हणावे, "बाळा, माझा मध्येच डोळा लागला रे, काय झालं ते सांग बरं." तो सांगू लागतो. शब्द अडला की आपण पुरवायचा. 'सूड', 'पण', 'शिष्य', 'शरण', 'वचन' हे शब्द पुस्तकातून शिकवायला गेलो तर मुले पळतात. गोकूच्या गोष्टीत ते पावलोपावली लागतात.

आजोबांचा डोळा खरेच लागला, तरीही नातवाला पुढचे सांगावेच लागेल. येत्या रविवारी पहिला भाग लावून बघा.