परसबागेतील टोमॅटो : बी घरचेच असावे
स्वारगेटच्या गच्चीवरील कुंडीत असो वा गावच्या परसात, टोमॅटोसाठी राहुरीचा धनश्री किंवा दिल्लीचा पुसा रुबी असा सरळ वाण निवडावा. या पिकात बहुधा स्वपरागीकरण होत असल्याने त्याचे बी घरी धरता येते. संकरिताचे बी पुढील पिढीत एकसारखे उतरत नाही.

रोपे २५ ते ३० दिवसांची, ठेंगणी व जाड खोडाची असावीत. लांबट, पिवळी रोपे स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. लावणी सायंकाळी करावी. खोड थोडे खोल पुरावे; त्यासही मुळ्या फुटतात.

पाने आकसलेले झाड दया न दाखविता उपटावे, कारण पांढरी माशी तो विषाणुरोग इतरत्र नेते. बियांसाठी निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ राखावे. गर एक-दोन दिवस आंबवून बी धुवावे व सावलीत सुकवावे.