मुलांची भूक आणि आईबापांच्या संवयी

वासरूं गाईमागें चरावयास शिकतें, तसें मूल आईबापांच्या पंक्तीस जेवावयास शिकतें. बाप दारू पिऊन येईपर्यंत जेवण खोळंबतें. मग भीतीनें दोन घास गिळून मूल उठतें. तंबाखूंतील निकोटीन भूक मंद करितें. आई मशेरीवर वेळ मारून नेते, तेव्हां उपाशी राहणें ही घराची रीतच, असें मुलीस वाटतें. ताट संपविण्याची सक्ती किंवा लठ्ठपणावरून टोमणे, यांनीं पोटाची खूण ओळखण्याची शक्ति मंदावते. पुढें अधाशीपणा किंवा अन्नाची धास्ती जडण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. घरांतील व्यसनास बंदी मात्र आपणच घालावयाची आहे. सर्वांनीं ठराविक वेळीं, भांडणाविना एकत्र जेवावें, आणि किती खावें हें मुलाच्या भुकेवर सोपवावें, अशी आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंति आहे.