जुन्या स्पोर्ट्स कारची वाजवी किंमत : यंत्राइतकेच कागदपत्रांना महत्त्व

बंगळुरू : बंगळुरूच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या एका फेरारी एसएफ९० स्ट्रॅडाले मोटारीकडून सुमारे १ कोटी ४२ लाख रुपयांचा कर दंडासह वसूल केला. एका खासगी वाहनाकडून एकरकमी वसूल झालेल्या या रकमेची देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या प्रारंभी याच शहरात परराज्यांतील नोंदणीच्या ३० आलिशान मोटारी जप्त करण्यात आल्या होत्या. फेरारी, पोर्श, ॲस्टन मार्टिन, बीएमडब्ल्यू, ऑडी अशा नामांकित कंपन्यांची वाहने त्यांत होती आणि बुडालेला कर सुमारे ३ कोटी रुपयांचा असल्याचे सांगण्यात आले.

या दोन्ही घटनांकडे करचुकवेगिरीच्या बातम्या म्हणून पाहिले गेले. मात्र जुनी स्पोर्ट्स कार विकू किंवा घेऊ पाहणाऱ्यांसाठी त्यांत आणखी एक धडा होता. रंग, वर्ष आणि किलोमीटर सारखेच असलेल्या दोन गाड्यांची किंमत केवळ नंबर प्लेटवरील पहिल्या दोन अक्षरांमुळे काही लाखांनी वेगळी असू शकते. विक्रेत्याने हा फरक लक्षात न घेता किंमत सांगितली, तर त्याचा भार नकळत खरेदीदारावर पडतो.

दोन राज्ये, दोन हिशेब

कर्नाटकात २० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या खासगी मोटारीवर १८ टक्के आजीवन कर आकारला जातो आणि त्या करावर उपकरही द्यावा लागतो. दोन्ही मिळून हा बोजा मूळ किमतीच्या जवळपास २० टक्क्यांपर्यंत जातो. त्याला कमाल मर्यादा नाही.

महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल मोटारीसाठी कराचा दर १३ टक्के आहे, पण एकूण कराला कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा पूर्वी २० लाख रुपये होती. १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख रुपये करण्यात आली. त्यामुळे ४ कोटी रुपयांच्या मोटारीवर कर्नाटकात सुमारे ७९ लाख रुपये भरावे लागत असताना महाराष्ट्रात जून २०२५ पर्यंत २० लाखांत काम भागत होते. गाडी जितकी महाग, तितकी ही तफावत मोठी. पुदुच्चेरीतही करभार कमी असल्याने तेथील नोंदणीच्या आलिशान मोटारी बंगळुरूच्या रस्त्यांवर नेहमी दिसतात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्या वेळी नव्या राज्याचा कर भरावा लागतो. वाहनाच्या वयानुसार तो कमी होत असला तरी त्याची आकारणी गाडीच्या मूळ किमतीवर होते, जुन्या बाजारात ती कितीला विकली गेली त्यावर नव्हे. मूळ राज्याकडून उर्वरित काळाच्या कराचा परतावा मागता येतो. मात्र त्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र, नव्या नोंदणीचा पुरावा आणि बराच पाठपुरावा लागतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. चार वर्षांपूर्वी शोरूममध्ये २ कोटी रुपये किंमत असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आज बंगळुरूत विक्रीस आहेत. पहिली कर्नाटक पासिंगची असून तिचा सुमारे ४० लाखांचा कर आधीच भरलेला आहे. दुसरी महाराष्ट्र पासिंगची असून तिच्यावर २० लाखांचा कर भरला गेला आहे. पहिलीला बाजारात १ कोटी २५ लाख रुपये मिळतात असे धरू. दुसरी घेणाऱ्या बंगळुरूतील ग्राहकाला वयाची सूट वजा जाता कर्नाटकाचा ३० लाखांचा कर भरावा लागेल आणि महाराष्ट्राकडून १२ लाखांचा परतावा मिळेल असे मानल्यास त्याच्यावरील निव्वळ बोजा १८ लाखांचा होतो. म्हणजेच दुसऱ्या गाडीची बंगळुरूतील वाजवी किंमत १ कोटी ७ लाखांच्या आसपास येते. विक्रेत्याने तिच्यासाठीही सव्वा कोटी मागितल्यास त्याने न भरलेल्या कराचे पैसे तो ग्राहकाकडून घेत असतो.

हीच गाडी पुण्यातील किंवा मुंबईतील ग्राहकाला विकायची असेल, तर ही वजावट लागू होत नाही. तेथे महाराष्ट्र पासिंग हीच जमेची बाजू ठरते. म्हणून किंमत ठरविण्यापूर्वी ग्राहक कोणत्या राज्यातील असेल, हे निश्चित करणे आवश्यक असते. परताव्याची रक्कम कोणाला मिळणार, हेही व्यवहाराच्या करारात लिहून ठेवावे लागते. कारण परतावा हाती येईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या नावावर झालेली असते.

नव्या गाडीची आजची किंमत

मालक बहुतेकदा स्वतः मोजलेल्या रकमेपासून हिशेब सुरू करतो. बाजार मात्र तसेच वाहन आज नवे घेतल्यास कितीला पडेल, येथून मोजणी करतो. ही रक्कम अलीकडे सतत बदलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनाच्या मोटारींवरील वस्तू व सेवा कराची रचना बदलली. १५०० घनसेंटिमीटरहून मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या लांब मोटारींवर पूर्वी २८ टक्के कर आणि २० टक्के उपकर मिळून ४८ टक्के आकारणी होत होती. ती आता ४० टक्के झाली आहे. कंपनीने हा लाभ पूर्णपणे ग्राहकाला दिल्यास नव्या गाडीची किंमत सुमारे साडेपाच टक्क्यांनी उतरते. २ कोटींच्या गाडीच्या बाबतीत ही घट जवळपास ११ लाखांची आहे. नवे वाहन स्वस्त झाले की त्याच मॉडेलच्या जुन्या वाहनाची किंमतही खाली येते.

दुसरा बदल आयात शुल्काचा आहे. पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या महागड्या मोटारींवरील शुल्क ११० टक्क्यांच्या घरात राहिले आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात ठराविक संख्येपर्यंतच्या ब्रिटिश मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. ॲस्टन मार्टिन, मॅक्लॅरेन किंवा लोटस विकू पाहणाऱ्याला हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही.

परदेशी संकेतस्थळांवरील किमतींचा येथे फारसा उपयोग नाही. भारतात तीन वर्षांहून जुनी मोटार सहसा आयात करता येत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे असणे बंधनकारक आहे. त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या गाड्यांमध्येच जुन्या स्पोर्ट्स कारचा व्यवहार होतो. एखाद्या मॉडेलचे उत्पादन थांबले, की या मर्यादित संख्येला विशेष महत्त्व येते. मार्च २०२४ मध्ये उत्पादन थांबलेली ऑडी आर८ हे त्याचे उदाहरण आहे. अशा गाड्यांची घसरण मंदावते. मात्र प्रत्येक जुनी स्पोर्ट्स कार दुर्मीळ ठरते असे नाही.

विम्याचा आकडा किती उपयोगी?

विमा पॉलिसीवर छापलेले घोषित मूल्य हीच गाडीची किंमत असे अनेक जण मानतात. हे मूल्य कंपनीच्या विक्री किमतीतून ठराविक घसारा वजा करून काढले जाते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के अशी ही उतरंड आहे. त्यापुढील मूल्य विमा कंपनी आणि ग्राहक यांनी परस्पर संमतीने ठरवायचे असते. कुटुंबासाठीची साधी गाडी आणि मोजक्याच संख्येने आलेली स्पोर्ट्स कार या दोघींना हेच कोष्टक लागू होते. त्यामुळे हा आकडा किंमत ठरविताना केवळ खूण म्हणून वापरता येतो. सांगितलेली किंमत त्याहून फार वर किंवा खाली असेल, तर विक्रेत्याकडे त्याचे कारण हवे.

अधिक विश्वासार्ह मार्ग तुलनेचा आहे. त्याच मॉडेलच्या, जवळपास त्याच वर्षाच्या आणि तितक्याच धावलेल्या तीन-चार गाड्या पाहाव्यात. जाहिरातीतील आकडा ही मागणी असते. सौदा त्याखाली होतो. एखादी गाडी अनेक महिने त्याच किमतीला पडून असेल, तर ती किंमत बाजाराने नाकारलेली आहे असे समजावे.

वजावटीच्या बाबी

तुलनेतून मिळालेल्या रकमेत प्रत्यक्ष गाडीच्या स्थितीनुसार फेरफार करावे लागतात. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी हा ठोकताळा अपुरा आहे. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर कडक होतात, बॅटरी निकामी होते, रबरी सील सुकतात. टायरच्या कडेवरील चार अंकी खुणेतून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला, हे समजते. कार्बन सिरॅमिक ब्रेकच्या चकत्या आणि दुहेरी क्लचचा संच यांचा खर्च मोठा असतो. ते बदलण्याची वेळ जवळ आली असल्यास तो आधीच वजा करणे न्याय्य ठरते. पोर्शसारख्या गाड्यांत इंजिन मर्यादेबाहेर फिरविले गेल्याच्या नोंदी संगणकात राहतात. अधिकृत सेवा केंद्रातून त्या वाचून घेता येतात आणि गाडी कशी चालविली गेली, हे त्यातून कळते.

मालकाने हौसेने बसविलेली महागडी चाके, सायलेन्सर किंवा इंजिनात केलेले बदल यांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. उलट मूळ भाग जपून ठेवलेले नसल्यास किंमत कमी होते. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडील गाडीपेक्षा पहिल्या मालकाकडील, अखंड सेवा नोंदी असलेल्या गाडीला अधिक भाव मिळतो.

बंगळुरूत आणखी एक चौकशी आवर्जून केली जाते. सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत शहराच्या पूर्व भागातील येमलूर व बेळ्ळंदूर परिसर जलमय झाला आणि वसाहतींमधील आलिशान मोटारी पाण्यात बुडाल्याची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. पुराचे पाणी शिरलेली गाडी स्वच्छ करून चकचकीत करता येते. तारांच्या जोडण्यांतील गंज मात्र पुढे अनेक महिन्यांनी त्रास देतो. विम्याच्या दाव्यांचा इतिहास, आसनांखालील रुळांवरील गंज आणि पट्ट्यांच्या टोकाशी साचलेला गाळ यांतून अशी गाडी ओळखता येते. हा इतिहास विक्रेत्याने स्वतः सांगून किंमत कमी ठेवल्यास तो व्यवहार प्रामाणिक ठरतो. लपविल्यास पुढे वाद उद्भवतो.

विकणारा कोण, यावरही रक्कम ठरते

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला आपली खासगी गाडी विकल्यास त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मात्र खरेदी आणि विक्री यांतील फरकावर १८ टक्के कर भरावा लागतो. व्यापाऱ्याने १ कोटीला घेतलेली गाडी १ कोटी १० लाखांना विकली, तर १० लाखांच्या फरकावर १ लाख ८० हजार रुपयांचा कर होतो. दुरुस्ती, जागा आणि अडकून पडलेले भांडवल यांचा खर्च वेगळाच. म्हणून व्यापारी मालकाला देऊ करतो ती रक्कम आणि थेट ग्राहकाकडून मिळणारी रक्कम यांत अंतर राहतेच. ते अंतर म्हणजे फसवणूक नव्हे. झटपट आणि विनात्रास विक्रीची ती किंमत असते.

कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाड्यांचा हिशेब निराळा आहे. नोंदणीकृत कंपनीने आयकरात घसाऱ्याचा लाभ घेतला असल्यास विक्री किंमत आणि घसारा वजा जाता उरलेले मूल्य यांतील फरकावर १८ टक्के कर लागतो. हिशेबाच्या वह्यांत ६० लाख उरलेली गाडी १ कोटीला विकल्यास ७ लाख २० हजार रुपयांचा कर होतो. नवउद्योगांच्या या शहरात संचालकांच्या वापरातील अनेक मोटारी कंपनीच्या नावावर असल्याने किंमत ठरविण्यापूर्वीच ही रक्कम धरणे इष्ट ठरते.

किमतीसोबत काय सांगावे?

घासाघीस होणार हे गृहीत धरून मागणीत थोडी वाढ ठेवण्याची पद्धत आहे. ही वाढ माफक असावी. अवाजवी मागणीमुळे गाडी पडून राहते आणि दरम्यान विम्याचा हप्ता, देखभाल व आणखी एका वर्षाचा घसारा मालकालाच सोसावा लागतो.

मागणीच्या आकड्यासोबत कोणत्या राज्याचा कर भरलेला आहे, कर्जाचा बोजा उतरला आहे का, दंडाची चलने बाकी आहेत का आणि नोंदणी कोणाच्या खर्चाने बदलली जाणार आहे, हे लेखी देणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, याचेही भान ठेवावे लागते. गाडी ताब्यात दिली तरी नोंदणी जुन्याच नावावर राहिल्यास अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे पूर्ण रक्कम हाती आली तरी नोंदणी पुस्तिकेवर नवे नाव लागेपर्यंत विक्रेत्याने व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये.